लॉनला दर उन्हाळ्यात त्याच जागी टक्कल पडतं? खताची पिशवी आणायच्या आधी हे बघा

मार्च सरत आला की ओळखीच्या घरांतून मला एकच फोटो येत राहतो. हिरव्या लॉनच्या कोपऱ्यात किंवा फरशीच्या कडेला परातीएवढा पिवळट, वाळका चट्टा. सोबतचा प्रश्नही ठरलेला: "ताई, कोणतं खत टाकू?" पुण्यात आमच्या सोसायटीचं लॉन मी अकरा वर्षं सांभाळतेय. नात्यातल्या आणि शेजारपाजारच्या सात-आठ बंगल्यांची लॉनंही दुरुस्त करून झाली आहेत. एवढ्या वर्षांत खत कमी पडल्यामुळे एकाच जागी टक्कल पडलंय, असं जवळपास कधीच निघालं नाही. नत्र कमी असलं तर सगळं लॉन फिकं पडतं. ठरावीक जागाच वाळत असेल, तर त्या जागेला पाणी पोचत नाही किंवा तिच्या पोटात काहीतरी वेगळं आहे.

आधी लक्षणं नीट बघा

सकाळी सातच्या सुमारास, ऊन चढायच्या आधी, लॉनवर जाऊन अगदी गुडघ्यावर बसून बघा. उभ्याने बघून सगळे चट्टे सारखेच दिसतात.

सगळं लॉन सारखंच फिकं आणि जुनी, खालची पाती आधी पिवळी झालेली असतील, तर नत्राची कमतरता आहे. नवी पाती पिवळी पण त्यांच्या शिरा हिरव्या असतील, तर लोह मिळत नाहीये. बोअरच्या जड पाण्यावरच्या लॉनमध्ये हे फार दिसतं.

गवतावरून चालल्यावर पावलांचे ठसे दहा-पंधरा मिनिटं तसेच राहतात आणि रंग निळसर-राखाडी दिसतो, तर गवत तहानलेलं आहे. वाळायच्या दोन-तीन दिवस आधीची ही सूचना असते.

कापणीनंतर दोन दिवसांनी सगळ्या लॉनवर पांढुरकी झाक आली, तर पात्यांची टोकं बघा. चिंध्या झाल्यासारखी दिसली तर मूव्हरच्या, म्हणजे गवत कापायच्या यंत्राच्या, ब्लेडला धार नाही.

ताटलीएवढा मेलेला गोल आणि भोवती गडद हिरवी कड असेल, तर ते कुत्र्याचं मूत्र किंवा सांडलेलं खत. त्या जागी दोन बादल्या पाणी ओता आणि पुढे चला.

पावसाळ्यात चट्टा रोज थोडा पसरत असेल आणि पहाटे दवात कोळ्याच्या जाळ्यासारखा पांढरा कापूस दिसत असेल, तर बुरशी. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चट्ट्याचं गवत मुठीत धरून ओढलं आणि सतरंजीसारखं उचलून आलं, तर खाली हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, आहे.

चट्टा दरवर्षी त्याच जागी, त्याच आकाराचा, आणि एक पाऊस पडला की थोडासा सावरणारा असेल, तर पुढचं सगळं मुख्यतः तुमच्यासाठीच आहे.

पैसा न लागणाऱ्या तपासण्या

ऊन मोजा. सकाळी आठपासून दर तासाला चट्ट्याचा एक फोटो काढा. हरळी, म्हणजे आपल्या दूर्वांचंच गवत, आणि बाजारात बर्म्युडा म्हणून मिळणारे त्याचे प्रकार, यांना किमान सहा तास थेट ऊन लागतं. आंब्याखाली किंवा उत्तरेच्या भिंतीलगत तेवढं मिळत नसेल, तर तिथे गवतासाठी एक रुपयाही घालू नका. स्पायडर प्लांट किंवा मोंडो ग्रास लावा. सावलीत तीन-तीनदा नवं कार्पेट, म्हणजे मातीसकट मिळणारं तयार गवत, अंथरणारी घरं मी पाहिली आहेत, आणि दर वेळी दिवाळीपर्यंत खालची माती उघडी पडलेली असते.

मग कापणी. एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. लॉन चार सेंटिमीटरवर ठेवायचं असेल तर सहाला पोचलं की कापा. पुन्हा कापावं लागू नये म्हणून डोकं भादरल्यासारखं बुडापर्यंत कापलं, तर मातीवर थेट ऊन पडतं आणि मुळंही आखूड होतात. एप्रिल-मे महिन्यात मूव्हरची पातळी एक खाच वर ठेवा. ब्लेड काढून धारवाल्याकडे द्या. आणि कापलेलं गवत गोळा करून फेकू नका. पातळ पसरलेलं असेल तर ते आठवड्याभरात कुजून मातीत जातं. ते फुकटचं नत्र आहे.

वाट्यांची परीक्षा

मला एकच तपासणी करायची मुभा दिली, तर मी ही करेन. घरातल्या सरळ काठाच्या सारख्या सात-आठ वाट्या किंवा डबे घ्या. दोन चट्ट्यात ठेवा, दोन हिरव्या भागात, बाकीचे कडेला आणि कोपऱ्यात. स्प्रिंकलर रोजच्यासारखा पंधरा मिनिटं चालवा. मग प्रत्येक वाटीत मुलांची पट्टी उभी बुडवून पाण्याची उंची मोजा.

आमच्या सोसायटीत पहिल्यांदा हे केलं तेव्हा मधल्या वाटीत ९ मिलिमीटर पाणी होतं आणि गेटजवळच्या कोपऱ्यात २. त्याच कोपऱ्यावर आम्ही तीन वर्षं खत टाकत होतो. स्प्रिंकलरचं डोकं थोडं तिरकं झालं होतं आणि त्याच्या जाळीत वाळू अडकली होती. डोकं सरळ करून जाळी टूथब्रशने धुतली, एवढंच काम होतं.

पाइपने पाणी देत असाल तर हिशेब आणखी सोपा आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. तुमचा पाइप १५ लिटरची बादली किती वेळात भरतो ते घड्याळ लावून बघा. एक मिनिट लागला असं धरू. ५०० चौरस फुटांचं लॉन म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर. तिथे १० मिलिमीटर पाणी द्यायचं तर ४६० लिटर, म्हणजे अर्धा तास पाइप चालायला हवा. माळीकाका दहा मिनिटांत अंगठा दाबून फवारा मारून जातात. तेवढ्याने वरची दोन बोटं माती ओली होते, मुळंही तेवढ्यातच राहतात आणि मार्चच्या उन्हात जळतात. माळीकाकांना दोष देऊ नका. त्यांना दिवसाला पाच घरं करायची असतात. त्यांच्यासमोर बादली भरून दाखवा, मिनिटं ठरवून द्या.

उन्हाळ्यात आपल्याकडच्या लॉनला आठवड्याला ३० मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं. ते रोज थोडं थोडं न देता तीन वेळा, खोलवर द्या. पाणी खाली गेलं की मुळं त्याच्या मागे जातात. आणि वेळ सकाळची. संध्याकाळी दिलेलं पाणी रात्रभर पात्यांवर राहतं, बुरशीला तेवढंच पुरतं.

पाणीच नसेल तर? वरच्या हिशेबाने ५०० चौरस फुटांना आठवड्याला १४०० लिटरच्या जवळपास लागतात, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरचा सातवा हिस्सा. टंचाईच्या वर्षी मी सरळ सांगते, हरळीचं लॉन पिवळं पडू द्या. पंधरा दिवसांतून एकदा खोल पाणी द्या, त्यावर चालणं बंद ठेवा. जमिनीखालच्या काड्या जिवंत राहतात आणि जूनमध्ये गवत स्वतःहून उठतं. शेताच्या बांधावरची हरळी दरवर्षी हेच करते.

स्क्रू ड्रायव्हर आणि खुरपं

पाणी सगळीकडे सारखं पडतंय आणि तरी चट्टा आहे? मग जमिनीत शिरायचं. मात्र तुमचं लॉन इमारतीच्या स्लॅबवर असेल, तर आधी खालचा "इथे थांबा" हा भाग वाचा.

चांगलं पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर हाताने दाबून बघा. हिरव्या भागात तो मुठीपर्यंत जातो. चट्ट्यात चार-पाच सेंटिमीटरवर अडला तर दोन शक्यता आहेत. अडताना घट्ट रबरासारखं वाटलं, तर माती दबलेली आहे. टक् असा आवाज येऊन दांडा थांबला, तर खाली दगड किंवा डबर आहे. चट्ट्यात दहा-बारा ठिकाणी टोचून बघा. दोन-तीन फेऱ्यांत हाताला फरक कळायला लागतो.

आता वीतभर लांब-रुंद चौकोन कापून वीतभर खोल खणा. हे करताना बहुतेकांचा जीव वर-खाली होतो, पण चौकोन अख्खा उचलून नंतर परत बसवता येतो. खड्ड्याची एक बाजू सुरीने सपाट करा आणि बघा.

नाशिकला माझ्या जावेच्या बंगल्यात पायऱ्यांशेजारचा एकच तुकडा दरवर्षी जळायचा. कंत्राटदाराने सलग तीन पावसाळे तिथे नवं कार्पेट टाकून पैसे घेतले. मी खणलं तेव्हा वर तीन बोटं लाल माती होती, तिच्याखाली गेल्या वर्षीच्या कार्पेटची प्लास्टिकची जाळी, आणि त्याखाली घर बांधतानाचा राडारोडा: विटांचे तुकडे, प्लास्टरचे पापुद्रे, अर्धी भरलेली सिमेंटची गोणी तशीच दगड झालेली. मुळं जाळीपर्यंत येऊन आडवी वळली होती. पावसाळ्यात वरच्या तीन बोटांत ओल असते तोवर गवत हिरवं, नंतर खालून काहीच मिळत नाही. शिवाय सिमेंट आणि चुन्याने माती विम्ल, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची, होते, मग असलेलं लोहसुद्धा मुळांना घेता येत नाही. त्या खड्ड्यातून आम्ही अकरा घमेली डबर काढलं. पोयट्याची माती आणि पूर्ण कुजलेलं शेणखत, तीनास एक प्रमाणात भरलं. पाच वर्षं झाली, तिथे आता बाकीच्या लॉनसारखंच गवत आहे.

वीतभर खोलीपर्यंत डबर निघालं तर उपसा. त्याच्याही खाली असेल तर सगळं काढायच्या मागे लागू नका, २० ते २५ सेंटिमीटर चांगली माती गवताला पुरते.

खणल्यावर मातीचे दोन सरळ थर दिसले, वर कार्पेटबरोबर आलेली चिकण लाल माती आणि खाली मुरूम किंवा काळी, तर मुळं वरच्याच थरात अडकलेली असतात. हे आणि नुसती दबलेली माती, दोघांवर इलाज एकच. जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर गार्डन फोर्क किंवा पहार घेऊन दर दहा सेंटिमीटरवर दहा सेंटिमीटर खोल भोकं पाडा, वरून चाळलेलं शेणखत पसरा, झाडूने भोकांत लोटा. जूनच का? तेव्हा गवत जोरात वाढत असतं, जखम महिन्याभरात भरून निघते. मे महिन्यात हेच केलं तर भोकांतून उरलीसुरली ओलही उडून जाते.

मखमली, दाट पात्यांच्या मेक्सिकन गवतात आणखी एक गोष्ट बघा. पाती आणि माती यांच्यामध्ये तपकिरी, स्पंजसारखा थर असतो. बोटाच्या रुंदीपेक्षा जाड झाला की पाणी त्याच्यावरच थांबतं. लोखंडी दाताळ्याने तो ओढून काढा. ओढताना लॉन उद्ध्वस्त झाल्यासारखं दिसेल, पण पावसाळ्याच्या तोंडाशी केलं तर तीन-चार आठवड्यांत भरतं.

शंभराच्या नोटेत होणारं काम

नव्या पात्यांच्या शिरा हिरव्या, बाकी पान पिवळं असं असेल, तर चट्ट्यातली सुकी माती बशीत घेऊन तिच्यावर व्हिनेगर टाका. फसफसली तर मातीत चुनखडी आहे. कृषी सेवा केंद्रातून हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, थोडं आणा. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम, त्यात अर्ध्या लिंबाचा रस, ऊन उतरल्यावर पात्यांवर फवारा. आठ-दहा दिवसांनी एकदा पुन्हा. फरशीवर आणि भिंतीवर उडू देऊ नका, गंजाचे डाग पडतात आणि ते निघत नाहीत. चुनखडीच्या मातीत हिराकस नुसतं जमिनीत टाकून फारसा उपयोग होत नाही, ते तिथेच अडकतं. म्हणून फवारणी.

आणि सगळं लॉन सारखंच फिकं असेल, तेव्हाच नत्र. १० चौरस मीटरला १०० ग्रॅम युरिया, त्याहून जास्त नाही. कोरड्या गवतावर सारखा फेकायचा आणि लगेच भरपूर पाणी द्यायचं. ओल्या पात्यांवर चिकटलेले दाणे पानं जाळतात आणि तुमच्याकडे नवे चट्टे तयार होतात.

हुमणी आणि बुरशी

गवत सतरंजीसारखं उचललं गेलं तर फूटभर चौकोन खणून अळ्या मोजा. पांढुरकी, तपकिरी डोक्याची, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी. एक-दोन असतील तर निरोगी गवत सोसतं. पाच-सहाच्या पुढे असतील तर हात घालायलाच हवा. साळुंक्या आणि कावळे एकाच जागी रोज उकरत असतील, तर त्यांना ती तुमच्या आधी सापडलेली असते.

हुमणीवर खरा स्वस्त उपाय मे-जूनमध्ये असतो. पहिल्या वळवाच्या पावसानंतर तिन्हीसांजेला तपकिरी भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोरीवर पानं खायला बसतात. फांदी हलवली की टपाटप पडतात. खाली साबणाच्या पाण्याची बादली धरा. एक मादी मारली की तिची पुढची सगळी अंडी टळली. जूनच्या शेवटी मेटारायझियम ही उपयुक्त बुरशी ओलसर शेणखतात मिसळून लॉनवर पसरता येते, अळ्या लहान असताना ती चांगली लागू पडते. शेणखत मात्र पूर्ण कुजलेलंच वापरा, कच्च्या खतातून अळ्या आणि अंडी घरात येतात.

बुरशीचं थोडक्यात सांगते. संध्याकाळचं पाणी बंद, नत्र बंद, सकाळी बांबूने किंवा दोरी ओढून दव झाडणं. आठ-दहा दिवसांत पसरणं थांबतं बहुतेक वेळा.

इथे थांबा

लॉन पार्किंगच्या स्लॅबवर असेल तर पहार, कुदळ काहीही लावू नका. मातीची जाडी कित्येकदा फूट-दीड फूटच असते आणि खाली वॉटरप्रूफिंग. ते एकदा फाटलं की खालच्या गाड्यांवर पाणी गळतं आणि दुरुस्तीसाठी अख्खी बाग उपसावी लागते. तिथे स्क्रू ड्रायव्हर आणि हाताचं खुरपं, एवढंच.

खणताना केबल किंवा धोक्याची पट्टी दिसली, तर हात बाहेर काढा, बागेच्या दिव्यांचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, पाडा, इलेक्ट्रिशियनला बोलवा. ओल्या जमिनीत उघडी तार जिवावर बेतते, यात "बघू जरा" नको.

चट्ट्याच्या उलट प्रकारही लक्षात ठेवा. एप्रिलमध्ये पाणी न देता एकच जागा गर्द हिरवी आणि दबदबीत असेल, वास येत असेल, तर खाली ड्रेनेजची किंवा पाण्याची लाइन फुटली आहे. ते प्लंबरचं काम.

हुमणी फूटभरात दहा-बारा निघाली आणि अर्ध्या लॉनला लागली असेल, किंवा बुरशी पंधरा दिवसांनीही पसरत असेल, तर दुकानदाराने हातात दिलेली कीटकनाशकाची बाटली स्वतः ओतू नका. त्या गवतावर मुलं लोळतात, मांजर-कुत्री बसतात, आणि पाणी झिरपून बोअरकडे जातं. गवताचा मुळासकट तुकडा कागदात गुंडाळून कृषी महाविद्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. औषध लागणारच असेल तर परवानाधारक फवारणीवाल्याकडून करून घ्या.

मातीवर पांढरी खरखरीत पापडी येत असेल तर बोअरचं पाणी क्षारयुक्त आहे. पाणी आणि माती दोन्ही प्रयोगशाळेत द्या. अहवालात क्षार जास्त आले तर कुठलंही खत उपयोगी पडणार नाही. तेव्हा क्षार सोसणारं पॅस्पलम गवत लावायचं, की लॉनचा आकारच कमी करायचा, हे जाणकाराला विचारून ठरवा.

चट्टा भरणं

कारण दूर झालं की नवं कार्पेट विकत घ्यायची गरज नसते. फरशीवर धावणारे तुमच्याच लॉनचे धागे कापून घ्या. प्रत्येक तुकड्याला दोन-तीन पेरं हवीत. जून-जुलैत भुसभुशीत केलेल्या मातीत बोटाने भोक पाडून दर आठ-दहा सेंटिमीटरवर एक तुकडा, एक पेर मातीत आणि एक वर. वरून बोटभर जाडीपेक्षा कमी शेणखत भुरभुरायचं आणि फळी ठेवून तिच्यावर उभं राहून दाबायचं, म्हणजे पेर मातीला चिकटतं. पहिले पंधरा दिवस लव्हाळा दिसला की गाठीसकट उपटा, नंतर तो हरळीच्या आधी जागा धरतो. चार ते सहा आठवड्यांत धागे एकमेकांना भिडतात. पहिली कापणी गवत सहा सेंटिमीटर झाल्यावर, माती कोरडी असताना, आणि ब्लेडला धार लावून.